एका आठवड्यापुरते हात

पंधरा दिवसांपूर्वी माझ्या नातीच्या शाळेत ‘कृती-सप्ताह’ झाला. सोमवार ते शनिवार दप्तर नाही, गृहपाठ नाही, जे काही शिकायचं ते हातांनी. शाळेचा निरोप मोबाइलवर आला त्या संध्याकाळी आमच्या घरात पुन्हा दिवाळीची सुट्टी लागल्यासारखा आनंद झाला. आजी शिक्षिका होती हे नातीनं वर्गात कधीतरी सांगून ठेवलेलं. तिच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला, “बाई, वर्गात बावन्न मुलं आहेत. आठवडाभर मदतीला याल का?” जिल्हा परिषदेच्या शाळांत ज्याची ३४ वर्षं गेली त्या माणसाला असं बोलावणं आलं की गुडघे दुखायचे थांबतात. मी गेले.

सोमवारी कागदी पिशव्या झाल्या. मंगळवारी मातीकाम, माती म्हणजे दुकानातून आणलेली रंगीत पाकिटं, हात न माखणारी. गुरुवारी सेल, तार आणि दिवा. दिवा लागला की वर्ग असा ओरडायचा, की शेजारच्या वर्गातली मुलं दाराशी गोळा व्हायची. शुक्रवारी भेळ. भेळ चांगली झाली होती, त्याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचं आहे ते बुधवारचं.

बुधवारचा विषय होता मापन, आणि तो माझ्याकडे होता. मी घरून सासूबाईंची पितळी मापं नेली होती. शेर, मापटं आणि चिपटं. सोबत पिशवीभर ज्वारी. ज्यांना ही मापं आठवत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेरांची पायली. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला आणि ही मापं हळूहळू बाजारातून उठली, पण कोठीच्या खोलीत ती पुढे कितीतरी वर्षं टिकून होती. मुलांना मी यातलं काहीच सांगितलं नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, ज्वारी ओतली आणि विचारलं, “ह्या लहान भांड्यानं हे मोठं भांडं किती वेळा भरेल?” कुणी दोनदा म्हणालं, कुणी आठदा, एका मुलीनं ठामपणे ‘दहा’ सांगितलं. मग म्हटलं, ओतून बघा.

पहिल्या गटाचं उत्तर आलं चार. दुसऱ्या गटाचंही चार. तिसऱ्या गटाचं आलं सव्वातीन. लगेच भांडण. तुम्ही सांडलंत, तुम्ही मोजायला चुकलात, आमचंच बरोबर. तिसऱ्या गटानं पुन्हा ओतलं, पुन्हा सव्वातीनच्या आसपास. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो सोमवारपासून माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता, पुढे आला आणि म्हणाला, “आजी, ते चिपट्यावर डोंगर करतायत.” खरंच. बाकीचे गट चिपटं हातानं सपाट करून ओतत होते. हे मात्र वर शीग लावून ओतत होते आणि शेर तेवढा सपाट भरत होते. मी त्यांना ‘शीग’ हा शब्द सांगितला. आठवडी बाजारात शीग लावून घ्यायचं आणि सपाट करून द्यायचं, असे धंदे करणारेही असायचे, हे सांगितलं. वर्ग खो-खो हसला. तो मुलगा हसला नाही. त्यानं विचारलं, “पण मग डोंगर मोजायचा की नाही? आणि शेरावर पण डोंगर केला तर?”

चौतीस वर्षांत असे प्रश्न माझ्या वाट्याला फार आले नाहीत. मी त्याला म्हणणार होते, करून बघ की. पण तेवढ्यात घंटा झाली. प्रत्येक कृतीला पस्तीस मिनिटं असं वेळापत्रक होतं, आणि पुढे मटकीला मोड आणायचे होते. बाईंनी घाईघाईनं ज्वारी भरायला घेतली, तेवढ्यात दोन फोटो काढले आणि मुलं ओळीनं उठली. प्रश्न वर्तमानपत्रावर सांडलेल्या ज्वारीबरोबर केरात गेला.

शनिवारी प्रदर्शन होतं. पालक नटूनथटून आले होते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचे तीन ज्वालामुखी, एक झुलता पूल, आणि सूर्यमाला तर पाच. थर्माकोलवर २०१८ साली राज्यात बंदी आली, त्यामुळे सूर्यमाला आता पुठ्ठ्यावर फिरते, एवढाच काय तो फरक. एका सूर्यमालेजवळ उभे असलेले वडील रात्री दीड वाजेपर्यंत जागले होते. गरम गोंदानं पोळलेलं बोट त्यांनी मला कौतुकानं दाखवलं. मी त्यांच्या मुलाला विचारलं, “शनीभोवती हे कडं कसलं रे?” त्यानं वडिलांकडे पाहिलं. त्या सूर्यमालेला बक्षीस मिळालं. बुधवारच्या ज्वारीचं टेबल मात्र कुठेच नव्हतं. खरं तर ते असणारही कसं? ज्वारी ओतण्यात मांडून ठेवण्यासारखं काही नसतंच.

तुम्ही म्हणाल, ही म्हातारी उगाच खुसपट काढते आहे. वर्षातून एक आठवडा तरी शाळा मुलांच्या हातात काही देते, हे काय कमी आहे? कमी नाही, हे मला मान्य आहे. त्या दिवा लागलेल्या चेहऱ्यांसाठी मी पुन्हा जाईन. पण ह्या सोहळ्यामुळे आपली एक समजूत पक्की होते, की हातांनी शिकणं म्हणजे मजा आणि वहीत उतरवणं म्हणजे अभ्यास. मजेला एक आठवडा दिला, की उरलेलं वर्ष निर्धास्तपणे फळ्यावरून उतरवून घ्यायला आपण मोकळे.

ही फारकत आजची नाही. मी १९६० च्या सुमारास गावच्या शाळेत जात होते, तेव्हा आम्हाला सूतकताईचा तास असायचा. टकळी, पेळू आणि गुंता. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली आणि गांधीजींनी नयी तालीम मांडली, त्या कल्पनेचं हे आमच्यापर्यंत पोचलेलं शेपूट. मूळ कल्पना अशी होती की उद्योगातूनच गणित यावं, भूगोल यावा. सूत मोजताना आकडे यावेत, कापूस कुठे पिकतो इथून नकाशा यावा. आमच्या शाळेत टकळी एका तासाला फिरायची आणि गणित दुसऱ्या तासाला व्हायचं, दोघांची गाठ कधी पडलीच नाही. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी आम्ही घोकून पाठ करायचो. पाव म्हणजे काय ते मात्र घरी आजीच्या कोठीत चिपटं शेरात ओतताना कळलं. त्यामुळे जुनी शाळा फार छान होती, असा गळा मी काढणार नाही.

आणि आता माझं स्वतःचं सांगते. १९८२-८३ च्या सुमारास मी साताऱ्याकडे एका खेड्यात चौथीला शिकवत होते. ‘कार्यानुभव’ नावाचा विषय वेळापत्रकात होता. मी त्या तासाला काय करायचे? गणिताचा मागे पडलेला भाग पुरा करायचे, नाहीतर पोरांना पटांगण झाडायला लावायचे. वर्षअखेरीला मुलं घरून काहीतरी करून आणत, मी गुण देई. वर्गात कुंभाराचा एक मुलगा होता. बेंदराच्या आधी तो मातीचे बैल करायचा, आठवडाभरात ढीगभर, आणि बाजारात जोडीनं विकायचा. किती जोड्या गेल्या, किती भाजताना तडकल्या, गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर कुठवर उतरायचं, याचा हिशेब त्याच्या जिभेवर असायचा. आणि माझ्या पाटीवर दोन आकडी भागाकार आला की तो खिडकीबाहेर बघायचा. मी त्याला ‘गणितात कच्चा’ असा शेरा दिला. हे दोन्ही एकाच मुलाचं डोकं आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्याला भागाकार बैलांच्या जोड्यांत घालायला सांगावा, एवढी साधी गोष्ट! चौथीनंतर तो शाळेत आला नाही. शाळा सोडण्याची कारणं घरची असतात, एकट्या शिक्षिकेला त्याचं पाप लावून घेता येत नाही, हे मी स्वतःला बऱ्याचदा समजावलं आहे. पण कार्यानुभवाचा कोरा तास माझ्या हातात होता, आणि मी त्यात पटांगण झाडून घेतलं.

तेव्हा मला माहीत नव्हतं असंही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आम्ही शिक्षिका होण्याच्या अभ्यासातच ऐकलं होतं. १९४५ साली बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम उभं केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरीची महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून पानं, बिया, खडे, शंख-शिंपले हीच त्यांनी साधनं केली. तिथे त्यासाठी वेगळा आठवडा नव्हता, रोजच तसं होतं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथेही रोजच्या धड्यातच काम गुंफलेलं. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का कलंडतो, हे मुलांना बोटांनी समजावलं. खर्च जवळजवळ शून्य. म्हणजे आपल्याकडे वाट दाखवणारे नव्हते असं नाही. त्यांना आपण पुरस्कार दिले, त्यांच्यावर लेख लिहिले, आणि वर्गात परत येऊन म्हटलं, “चला, वह्या काढा.”

सरकारलाही ही गोष्ट अधूनमधून आठवते. १९९३ साली प्रा. यशपाल यांच्या समितीनं ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असं म्हटलं आहे. सुतारकाम, बागकाम, कुंभारकाम यांची ओळख त्यात व्हावी अशी अपेक्षा आहे. चांगलं आहे. पण दहा दिवस असं मोजून दिलं, की ते दहा दिवस साजरे होतात. फोटो काढले जातात, अहवाल वर जातो आणि अकराव्या दिवशी दप्तर पहिल्याइतकंच जड असतं.

शिक्षकांना दोष देणं सगळ्यात सोपं. बावन्न मुलं, पोर्शन, माहिती भरायचे तक्ते, आणि वहीत लाल पेनानं बरोबरच्या खुणा दिसल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशी दारात उभे राहणारे आपण पालक. हो, आपण. मुलानं तासभर ज्वारी ओतली आणि वही कोरी आणली तर आपण काय म्हणतो, ते एकदा आठवून पाहा. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात जागोजागी ‘करून पहा’ असं लिहिलेलं असतं. माझ्या नातीच्या वहीत अशा कृतींची उत्तरं सुवाच्य अक्षरांत लिहिलेली आहेत. त्यातली एकही कृती तिनं केलेली नाही. उत्तर फळ्यावर होतं, तिनं उतरवलं, बाईंनी सही केली, आईनं पाहिलं. चौघींपैकी कुणालाच त्यात खोटं काही वाटलं नाही, मलाही ते त्या बुधवारपर्यंत वाटलं नव्हतं.

माझं मागणं मोठं नाही. सप्ताह हवा तर ठेवा. पण आठवड्याला एकच धडा असा निवडा, की तो हातांनी झाल्याशिवाय वहीत यायचा नाही. आणि त्याला घंटेच्या पस्तीस मिनिटांत कोंबू नका. प्रश्न उरला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा. पाण्याची बाटली, दोन वाट्या, मूठभर डाळ, सुतळीचा तुकडा, हे कुठल्याही शाळेत सापडतं. वर्षात पोर्शन थोडा मागे पडेल. पडू द्या. आणि प्रदर्शन ठेवायचंच असेल तर पालकांना बघायला बोलावण्याऐवजी जमिनीवर बसवा आणि त्यांच्या मुलाला त्यांच्याकडून मोजून घेऊ द्या. पोळलेल्या बोटापेक्षा ते बरं.

या सोमवारी नातीला आणायला गेले होते. नेहमीची शाळा सुरू झाली होती. नातीच्या वहीत ‘१ लीटर = १००० मिलिलीटर’ हे पाच वेळा लिहिलेलं होतं. फाटकाशी तो मागच्या बाकावरचा मुलगा उभा होता. मला बघून धावत आला. “आजी, मी घरी केलं. तांदळानं. चार डोंगरवाट्या म्हणजे पाच सपाट वाट्या.” मग जरा थांबून, “पण मोठ्या वाडग्यावर डोंगर करायला घेतला तेव्हा आईनं तांदूळ डब्यात ओतायला लावले.”

“बाईंना सांगितलंस का?”

“नाही. मापन संपलं ना.”

मी तशीच आत गेले. बाई वह्यांच्या ढिगाआड होत्या. त्यांना मी त्या मुलाच्या चार आणि पाच वाट्यांचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, वेळापत्रकाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “गुरुवारी शेवटचा तास खेळाचा आहे. अर्धा घेऊ या का, बाई? पण ज्वारी तुम्ही आणा.”

मी पायलीभर काढून ठेवली आहे.