आधी वजनकाटा, मग एअरबॅग!

मंडळी, होस्टेलच्या कट्ट्यावर सध्या एक स्वप्न जोरात आहे. पास आऊट झालं की सेकंडहँड पिकअप घ्यायचं, मागच्या हौद्यात झोपायची केबिन बसवायची आणि थेट लडाख! स्वप्न झकासच आहे. पण चर्चा ऐकाल तर नुसती खरेदीची यादी: मोठे टायर, एअरबॅग, लिथियम बॅटरी, सोलर पॅनेल. सगळं भरल्यावर गाडीचं वजन किती, हे कुणीच विचारत नाही. मेकॅनिकलवालेसुद्धा नाहीत, हे विशेष!

माझं म्हणणं असं, की पहिला खर्च वजनकाट्याच्या पावतीचा करावा. पूर्ण गाडी एकदा, मग पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी. पाण्याची १०० लिटरची टाकी म्हणजे १०० किलो, आणि चार मित्र म्हणजे सहज अडीचशे (मेसचं जेवण लक्षात घेता थोडे कमी). त्यात वजन कुठे बसतं हे 'किती'इतकंच महत्त्वाचं. फर्स्ट इयरचे मोमेंट्स आठवा. व्हीलबेस ३ मीटर, केबिन ६०० किलोची आणि तिचा गुरुत्वमध्य मागच्या अ‍ॅक्सलच्या ३० सेंटीमीटर मागे. मागच्या अ‍ॅक्सलवर ६०० नव्हे, ६६० किलो वाढतात आणि पुढचा ६० किलोने हलका होतो. म्हणजे ज्या चाकांनी वळायचं आणि जास्तीत जास्त ब्रेक लावायचा, त्यांचीच पकड कमी. घाटात उतरताना हे कळून उपयोग काय?

मग गाडी मागे बसते आणि लोक सस्पेन्शनला एअरबॅग लावतात. गाडी सरळ दिसते, मालक खूश! पण ब्रेक, बेअरिंग, टायर, चासी सगळं तेच असतं. कंपनीने ठरवलेली वजनाची मर्यादा हवा भरून वाढत नाही. उलट पाटा आपला भार चासीवर दोन टोकांना वाटून देतो, तर एअरबॅग मधेच एका जागी वर ढकलते. ऑस्ट्रेलियात असे लादलेले डबल कॅब पिकअप केबिनच्या मागे चक्क वाकलेले आहेत. आपल्याकडे तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांवर बंधनं घालतं, तेव्हा वेल्डिंगवाल्याआधी आरटीओत चौकशी केलेली बरी.

आता इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी. मागची बॅटरी चार्ज होत नाही म्हटलं की आपण बॅटरीच बदलायला निघतो. पण वायर बघितली का? जाऊन-येऊन १२ मीटर, अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि १५ अँपिअर करंट धरला तर सव्वा व्होल्ट वाटेतच जातो. अल्टरनेटरने १४.२ दिले तरी बॅटरीपाशी १३ च्या आसपास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ लागतात. तीच वायर १६ स्क्वेअरची घेतली तर घट ०.२ व्होल्टच्या आत येते. लिथियम लावायची असेल तर मात्र मधे डीसी-डीसी चार्जर हवाच, नाहीतर ती भरमसाठ करंट ओढून अल्टरनेटर तापवते.

आणि इंडिकेटर लावल्यावर टेललॅम्प लुकलुकायला लागला, तर नवा बल्ब आणू नका. बल्ब चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या अर्थला लावा. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थचा बोल्ट काढून गंज घासा. पॉलिश पेपर दहा-वीस रुपयांत मिळतो.