ठपका कोणत्या खात्यावर?

जळगाव-धुळ्याच्या पेठांतून अलीकडे जो हिंडेल, त्यास सराफी पेढीच्या दर्शनी भागापासून इस्पितळाच्या जिन्यापर्यंत जागोजाग काच उभी दिसेल. आणि जी काच माणसाच्या डोक्यावर किंवा कठड्याला बसावयाची, ती टफन केलेल्या दोन तावदानांत पीव्हीबीचा (पॉलिव्हिनाइल ब्युटिरल या प्लास्टिकचा) पापुद्रा दाबून सिद्ध केलेली असावी, याविषयी आपल्या काचेच्या व्यवसायात फारसे दुमत उरलेले नाही. मात्र ती काच बिघडली, म्हणजे जाब आपण बहुधा चुकीच्या खात्याला विचारतो, असे आमचे नम्र मत आहे.

कडेला बुडबुडे उठले की सारा ठपका ऑटोक्लेव्हवर, म्हणजे जोडी उष्णतेत दाबणाऱ्या यंत्रावर, येतो. वस्तुतः सुमारे १३५ ते १४० अंश उष्णतेत व १२ ते १४ बार दाबाखाली ते यंत्र आपले काम इमानाने करते; परंतु टफन करण्याच्या भट्टीच्या रुळांवर ज्या तावदानाला लाट आली, त्याची जोडी कितीही दाबली तरी मने न जुळलेल्या दांपत्याप्रमाणे पुन्हा अलग होऊ पाहते. तेथे ०.७६ मिलिमीटरऐवजी १.५२ चा पापुद्रा घालणे म्हणजे दोषावर पांघरूण घालणे होय. धुण्याच्या जड पाण्यातील क्षारही असेच मुकाट्याने पकड घटवितात.

खानदेशाच्या हवेचा प्रश्न याहून बिकट आहे. पीव्हीबी हवेतील ओल शोषतो, तशी सोडतोही. ओल वाढली की पकड ढिली पडते, आणि फार घटली की ती इतकी घट्ट होते की आघात झेलण्याची शक्ती उणावते. ज्या मुलखात वैशाखात पारा ४३-४४ अंशांपलीकडे जाऊन हवा करपते आणि श्रावणात तीच हवा दमट होते, तेथे एकाच कारखान्यात वर्षातून दोन परस्परविरुद्ध दोष उद्भवले तर नवल काय? जोडणीची खोली २० अंशांच्या आसपास व आर्द्रता २५ ते ३० टक्के राखण्याचा खर्च म्हणूनच चैनीत जमा धरता येत नाही.

यास्तव आमची सूचना साधी आहे: प्रत्येक तावदानास क्रमांक द्यावा, आणि कड घासणे, धुणे, भट्टी व त्या दिवशीची खोलीतील आर्द्रता यांची नोंद त्या क्रमांकाखाली दफ्तरी ठेवावी. सुरक्षा-काचेच्या आयएस २५५३ या मानकाची परीक्षा नमुना देतो; गिऱ्हाइकाच्या डोक्यावर मात्र रोजची काच बसते, आणि तिचा दाखला त्या वहीखेरीज अन्यत्र सापडावयाचा नाही.