पोराले ‘काहून’ म्हणू द्या

यवतमाळ जिल्ह्यातल्या मायबापांना, गुरुजी-मॅडमना आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना

मायबापहो,

मृग कोरडा गेला की आमच्या गावात धोंडी निघायची. मी सात वर्षांचा असेन. अंगावरचे कपडे काढून कमरेला कडुलिंबाचा पाला बांधला, मुसळाला बेडूक बांधला, आणि ते मुसळ दोघा पोरांच्या खांद्यावर देऊन आम्हाला घरोघर फिरवलं. बाया अंगावर तांब्याभर पाणी ओतायच्या, सुपातून ज्वारी घालायच्या. मजा येत होती, खोटं कशाला सांगू! पण पाचसहा घरं झाल्यावर बेडूक हलेनासा झाला. मी सोबतच्या मोठ्या माणसाला विचारलं, “पाणी नाई आलं तं बेडूक कोन भरून देईन?” उत्तरादाखल कानाखाली बसली.

घरी आजी वाती वळत होती. तिलाही तेच विचारलं. “मले नाई ठाऊक, बापू,” ती म्हणाली. “तू इचारत राह्य. कोनी ना कोनी सांगन.” आजी माळकरी. एकादशी चुकवायची नाही. सहीच्या जागी अंगठा. माझ्या नास्तिकपणाची पहिली गुरू तीच, हे तिला सांगायचं राहून गेलं. ऐकून तिने मला वातीनेच झोडपलं असतं, तो भाग वेगळा.

तर मी देव मानत नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला मला चोरासारखं पकडायची मेहनत नको. देव आहे की नाही हा तुमचा-माझा वाद चहाच्या टपरीवर घालू, दोघंही मोठे आहोत. इथे बोलायचं आहे ते कानाखाली खाणाऱ्या त्या पोराबद्दल.

शाळेत नाव घातलं त्या दिवशी दाखल-खारीज रजिस्टरात माझा धर्म लिहिला गेला. मला तेव्हा स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. माझे काही पुरोगामी मित्र म्हणतात, जातीधर्माचे रकानेच खोडून टाका. मला ते पटत नाही. जात आपण पोरावर लादली आहेच. तिच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती मिळते, हॉस्टेल मिळतं. ती खोडा असं बहुधा तेच म्हणतात, ज्यांना तिचा चटका कधी बसला नाही. धर्माच्या रकान्याचंही तसंच. नागपुरात १९५६ साली दीक्षा घेतलेल्यांच्या मुलाबाळांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावं लागलं. त्यामुळे रकान्याशी माझं भांडण नाही. त्यात लिहिलं ते सहाव्या वर्षीच पोराच्या डोक्यात ठोकून पक्कं करायची जी घाई आहे, तिच्याशी आहे. मोठेपणी ‘मला कोणताच धर्म नाही’ असं म्हणायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, सरकार त्याला धर्म सांगायची सक्ती करू शकत नाही, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे २९ लाख माणसांनी धर्म सांगितलाच नव्हता. ते सगळे माझ्यासारखे नास्तिक असतील असं नाही. पण रकाना कोरा राहिला म्हणून कोणावर आभाळ कोसळलं नाही.

आता मे महिन्याकडे या. कापूस-तुरीचं आटोपलेलं, पारा पंचेचाळिशीकडे, पोरं मोकळी. गावोगाव बालसंस्कार शिबिरांचे फ्लेक्स लागतात. त्यात चांगलं काही नाही असं म्हणणारा मी नव्हे. पोरं पहाटे उठतात, मृदंगावर हात बसतो, शेकडो वर्षांची मराठी तोंडात रुळते. वर दोन वेळचं जेवण. मजुरीला जाणाऱ्या मायला पोर सावलीत आहे एवढंही पुष्कळ असतं. मक्तबात जाणारी पोरं, रविवारी चर्चमधल्या वर्गाला बसणारी, श्रामणेर शिबिरात चीवर घालणारी, सगळ्यांचं थोड्याफार फरकाने असंच आहे. मी कोणा एकाचं नाव घेत नाही, कोणाला सोडतही नाही.

पण माझ्या बहिणीचा दहा वर्षांचा पोरगा अशाच एका शिबिरातून परत आला आणि रात्री झोपेना. तिथल्या बुवांनी सांगितलं होतं की मायबापाला उलटं बोलणाऱ्याला नरकात उकळत्या तेलात टाकतात. दुसऱ्या दिवशी बहीण भजी तळत होती. पोरगा कढईकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, “माय, मले किती वर्सं तळतीन?”

मोठ्या माणसाला भीती घालून कोणी त्याचं वावर लिहून घेतलं तर आपण ठाण्यात जातो. पोराला भीती घालून त्याचं मन लिहून घेतलं, तर टाळ्या वाजवून त्याला संस्कार म्हणतो. मायला उलटं का बोलू नये हे तिच्या हातावरचे घट्टे दाखवून सांगता येतं. त्याला कढई कशाला लागते?

इथे मला आपल्याच जिल्ह्यातलं एक गाव आठवतं. घाटंजी तालुक्यातलं चोरांबा. २०१२ मध्ये तिथे सात वर्षांच्या एका मुलीचा नरबळी दिला गेला. शिक्षा झालेले लोक परमुलखातले नव्हते. शिबिरातला बुवा आणि चोरांब्याचे गुन्हेगार एकाच माळेचे मणी आहेत असं मी म्हणत नाही. असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण ‘मोठ्यांनी सांगितलं ना, मग विचारायचं नाही’ ही सवय चाळिसाव्या वर्षी लागत नाही. ती सातव्या वर्षी लावावी लागते. नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्धचा कायदा राज्यात २०१३ च्या डिसेंबरात झाला. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला होता. कायदा पोलिसांना बळ देतो. ‘काहून’ म्हणायचं बळ पोराला घरातूनच मिळायला लागतं.

आणि हे ‘काहून’ मी विलायतेतून आणलेलं नाही. इथून अमरावती किती दूर? त्याच जिल्ह्यातल्या शेणगावच्या डेबूजीने पोरीच्या बारशाला बोकड आणि दारू नाकारून गोडाचं जेवण घातलं, तेव्हा त्याची जात-बिरादरी बिथरली होती. तोच पुढे गाडगेबाबा झाला. त्यांचं कीर्तन म्हणजे समोर बसलेल्यांना विचारलेल्या प्रश्नांची सरबत्ती. नवसाला बोकड कापता, मग वाघ का नाही आणत, अशा धाटणीचे सवाल, आणि उत्तर लोकांच्याच तोंडून काढायचं. स्वतःच्या पाया पडू द्यायचे नाहीत. जेवायच्या थाळ्या मोडा, पण पोरं शिकवा म्हणायचे. आज आपण काय केलं? त्यांच्या फोटोला हार घातला, उदबत्ती लावली आणि प्रश्न तेवढे वगळले.

शाळेचं बोलू. जिल्हा परिषदेची शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते, आणि घटनेचं कलम २८ सांगतं की अशा शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय पोराला धार्मिक उपासनेत बसवता येत नाही. संमती पालकाची बरं का, पोराची नाही. तेवढी कसर राहिलीच. मुलालाही विचाराचं आणि विवेकाचं स्वातंत्र्य आहे असं मानणारा बालहक्कांचा करार जगाने १९८९ मध्ये केला, भारताने १९९२ मध्ये स्वीकारला. नाशिकच्या एका शिक्षकाने परिपाठाच्या प्रार्थनेला हात जोडायला नकार दिला होता. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २०१४ मध्ये निकाल शिक्षकाच्या बाजूने लागला. मोठ्या माणसाला, पगारदाराला, हात न जोडण्यासाठी न्यायालयात जावं लागलं. तिसरीतल्या पोराने कुठे जावं?

मे २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. त्यात गीता आणि मनाचे श्लोक यांच्या पाठांतराची सूचना होती, मनुस्मृतीतला एक श्लोकही होता, आणि गदारोळ उठला. माझं मत विचाराल तर मनाचे श्लोक वर्गात जरूर वाचावेत. भुजंगप्रयाताची चाल कानावरून गेली नाही तर मराठी पोराचंच नुकसान. गीता वाचा, कुराण वाचा, धम्मपद वाचा, शेजारी फुल्यांचं सार्वजनिक सत्यधर्म ठेवा. पण वाचल्यावर पोराने हात वर केला तर खाली बसवू नका. पाठांतराच्या स्पर्धेत ढाल मिळते. शंका काढणाऱ्याला ढाल दिल्याचं मी आजवर ऐकलं नाही, आणि वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना १९८६ च्या शैक्षणिक धोरणापासून दहा गाभाघटकांत लिहिलेली आहे.

एक आरोप माझ्यावर हमखास होतो: “तुम्ही तुमच्या पोरांना नास्तिकच बनवलं असेल.” माझी मुलगी देवी मानते, नवरात्राचे उपास करते. यवतमाळचा दुर्गोत्सव बघायला अख्खा जिल्हा लोटतो, त्यात आम्ही दोघंही असतो. ती मंडपात जाते, मी बाहेर चपला सांभाळतो. परतताना गाडीवर आमचं कडाक्याचं भांडण होतं आणि बहुतेक वेळा ती जिंकते. तिच्या लहानपणी देवाबद्दल विचारलं की मी आजीचंच उत्तर द्यायचो, मले नाई ठाऊक. खरं सांगतो, तेव्हा जीभ चावावी लागायची.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत, निम्म्या जागा बायांना. पुढच्या बैठकीत एवढंच विचारा की शाळेच्या वेळेत, शाळेच्या आवारात कोणती पूजा होते आणि कोणत्या ठरावाने. आठवड्यातून एक परिपाठ पोरांच्या प्रश्नांसाठी मागा. गावात शिबिर होणार असेल तर होऊ द्या, पण तेल आणि कढई वगळून. आणि त्याच पंधरवड्यात ग्रामपंचायतीच्या खोलीत चार डझन गोष्टीची पुस्तकं अन् एक भिंग ठेवून बघा.

पत्रकाची मागची बाजू मुद्दाम कोरी ठेवली आहे. घरी गेल्यावर ती पोरांपुढे ठेवा, सोबत पेन्सिल द्या आणि जे विचारल्यावर मार बसतो ते लिही म्हणा. लिहून होईपर्यंत वाकून बघू नका.

— तुमच्यातलाच एक मास्तर, आता निवृत्त