राणीचं फेशियल

पार्सल आलं तेव्हा मी डेडलाइनच्या ऐन तोंडावर होते. तरी आधी कात्री शोधली. आतल्या पाकिटात १८६२ सालचा राणी छाप रुपया, आणि काय सांगू, असला लखलखीत, जणू टांकसाळीतून थेट माझ्या टेबलावर! विकणाऱ्यानं लिहिलं होतंच : 'सुपर शायनिंग, न वापरलेला.' मी खूश. दीडशेच्या वर वयाची बाई आणि चेहऱ्यावर एक डाग नाही!

हा रुपया मी हौसेनं मागवला नव्हता. आमच्या आजीच्या डब्यात लक्ष्मीपूजनाचे पाच राणी छाप रुपये असायचे. मागच्या दिवाळीत फोटो काढायला म्हणून मी त्यातला एक बाहेर नेला आणि हरवला. आजी एका शब्दानं बोलली नाही. पण ताटात चार रुपये मांडून झाल्यावर तिनं डबा पुन्हा एकदा उलटा करून बघितला. ते वर्षभर मला टोचत होतं. म्हणून ही ऑर्डर.

संध्याकाळी रुपया घेऊन गुजरीत गेले. तिथं आमच्या घरच्या ओळखीचे एक सराफकाका आहेत. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि रुपया दिव्याखाली दोनदा फिरवला.

'चांदी खरी हाय. नाणंबी खरं हाय. पण पोरी, ह्याला घासलंय की गं.'

'मग चांगलंच ना काका? स्वच्छ आहे.'

'स्वच्छ भांडं करत्यात. नाण्याचं कातडं सोललंय हितं!'

माझा चेहरा पडला. मी पैसे मोजले होते न वापरलेल्या नाण्याचे. हातात होता वापरून झिजलेला आणि वर फेशियल केलेला रुपया.

यात थोडा दोष आपल्या संस्कारांचाही आहे बरं का. आपल्याकडे चमक म्हणजे मान. तांब्याची पळी चिंचेनं, चांदीचं निरांजन रिठ्यानं, सणाच्या आदल्या दिवशी सगळं घासून लख्ख. नाण्यांच्या दुनियेत मात्र नेमकं उलटं. नाणं पाडताना ठसा एवढ्या जोरानं दाबला जातो, की धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्यावर साध्या डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा उमटतात. त्यामुळे कोरं नाणं दिव्याखाली तिरकं फिरवलं, की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्यावरून फिरतात. पावडरनं घासलं, की त्या रेषांवर ओरखडे येतात. ॲसिडमध्ये बुडवलं, की वरचा थरच विरघळतो. दोन्हीत गेलेलं परत येत नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्या अशा नाण्याला नेहमीचा ग्रेडचा आकडा देतच नाहीत, 'डिटेल्स' असा शेरा मारतात. शेरा बसला, की किंमत पडलीच म्हणून समजा.

मग काकांनी तिथल्या तिथे क्रॅश कोर्स घेतला. तुमच्यासाठी इथे देतेय.

पहिलं, राणीचा गाल आणि केस बघायचे. हे भाग उंच, म्हणून आधी झिजतात. केसांच्या बटा सपाट झाल्यात, पण गाल आरशासारखा चमकतोय? झीज आणि कोरी चमक एकत्र नांदत नाहीत.

दुसरं, अक्षरांच्या खाचा. मोकळी जागा पांढरीशुभ्र आणि अक्षरांच्या कडेला काळी घाण अडकलेली असेल, तर कुणीतरी ब्रश चालवलाय.

तिसरं, ओरखडे. एकाच दिव्याखाली नाणं हळूहळू कलतं करायचं. वापरातले ओरखडे कसेही, कुठेही असतात. घासल्याचे केसासारखे बारीक, एकाच दिशेनं किंवा गोल गोल.

चौथं, रंग. हे शिवराई घेणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवा. १६७४ च्या राज्याभिषेकाशी नातं सांगणारं, 'श्री राजा शिव' आणि 'छत्र पति' अशी अक्षरं मिरवणारं तांब्याचं नाणं घरात असावं, असं आपल्यापैकी कितीतरी जणांना वाटतं. पण जुनं तांबं तपकिरी, काळपट, कधी हिरवट असतं. नुकत्या घासलेल्या तांब्यासारखी गुलाबी शिवराई दिसली, तर ती चिंचेत न्हाऊन आलीय.

आणि काळं म्हणजे अस्सल, असंही नाही हं! घासलेली चांदी गंधकानं पुन्हा काळी करतात. उकडलेल्या अंड्यासोबत बंद डब्यात ठेवली तरी ती काळवंडते. त्या काळपटपणाखाली ओरखडे दिसले, की समजायचं, आधी फेशियल, मग मेकअप.

मग साफ करणं नेहमीच पाप? नाही. आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं. तशी मातीतून निघालेली नाणी पुटं काढल्याशिवाय वाचताच येत नाहीत. पण ते काम तज्ज्ञ प्रयोगशाळेत करतात, इतिहास वाचण्यासाठी. सेलसाठी नव्हे.

घरी येऊन मी विकणाऱ्याचे फोटो पुन्हा उघडले. दोनच होते. दोन्ही बरोबर वरून काढलेले, फ्लॅश मारून, मागे पांढरा कागद. अशा फोटोत ओरखडे दिसणारच नाहीत! तेव्हा ऑर्डर देण्याआधी विकणाऱ्याकडून हे मागा : खिडकीच्या उजेडात तिरके काढलेले फोटो, कडेचा फोटो, नाणं फिरवतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ आणि वजनकाट्यावरचा फोटो. राणी छाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, ११ भाग चांदी आणि १ भाग तांबं. झिजलेला थोडा कमी भरणार, पण फार नाही. 'हे नाणं साफ केलंय का?' असं सरळ लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. परत घेण्याची अट वाचा. पार्सल उघडताना मोबाइल सुरू ठेवा. टाळाटाळ झाली, तर पुढच्या दुकानी. आणि नाणं हातात आलं, की कडेनं धरा. मुख्य म्हणजे, स्वतः घासू नका!

माझ्याकडे परत करायला सात दिवस होते. विकणाऱ्याला चार ओळींचा कडक मेसेज टाइप करून ठेवला आणि आजीला नुसता दाखवावा म्हणून रुपया तिच्या हातावर ठेवला. तिनं डबा काढला. तेव्हा पहिल्यांदा मी आमचे चार रुपये नीट बघितले. केसांच्या बटा सपाट, गाल चकचकीत, अक्षरांच्या कडेला काळं. दर दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात आजीच्या हाताखालून गेलेले. काकांच्या भिंगाखाली चारही नापास!

आजीनं पाचवा रुपया त्यांच्या शेजारी ठेवला. तिला डावं-उजवं काही दिसलं नाही.

'आधीच घासून आणलास होय?' ती म्हणाली. 'बरं केलंस. माझं एक काम वाचलं.'

मेसेज अजून ड्राफ्टमध्येच आहे.