यादी कोणाच्या मालकीची?

माझे एक स्नेही मला दर भेटीत सुनावतात, "अहो, फोनवर ग्रुप काढा आणि मोकळे व्हा! ही जुनी थेरं कशाला?" जुनी थेरं म्हणजे माझी मेलिंग लिस्ट. एका सामायिक युनिक्स यंत्रावर माझे साधे शेल अकाउंट आहे. त्यातून साठ-सत्तर पुस्तकवेड्यांची पत्रे मी एकमेकांना पोचवतो.

यात जादू कसली नाही. 'डॉट-फॉरवर्ड' नावाच्या फायलीत एक ओळ लिहिली, की येणारे प्रत्येक पत्र 'प्रॉकमेल'च्या हाती जाते आणि तो ते यादीतल्या पत्त्यांवर रवाना करतो. यादी म्हणजे साधी फाईल, एका ओळीत एक पत्ता. डॅनियल बर्नस्टाइन यांनी तर आपल्या 'क्यूमेल'मध्ये हा हक्क सामान्य खातेदाराला उघड देऊन टाकला: आपल्या घरच्या फोल्डरात एक फाईल ठेवा, नवा पत्ता तयार! व्यवस्थापकापुढे अर्ज घेऊन उभे राहायला नको.

घोटाळे माझ्याही हातून झाले. एका सभासदाने रजेवर जाताना स्वयंचलित उत्तर लावून ठेवले. ते यादीवर आले, यादीने ते सर्वांना, त्यालाही, धाडले. मग उत्तराला उत्तर! सकाळी प्रत्येकाच्या पेटीत त्याची रजा शेकड्यांनी. आपल्याच यादीची खूण असलेले पत्र टाकून देण्याची ओळ मी लिहिली नव्हती. शिव्या खाल्ल्या, ओळ लिहिली, प्रकरण मिटले.

पण २०१४च्या एप्रिलात एका बलाढ्य टपालकंपनीने जाहीर केले, की आमच्या पत्त्याचे पत्र आमच्या यंत्रावरून निघालेले नसेल आणि त्यावरची आमची सहीही शाबूत नसेल, तर ते नाकारा. हेतू भामट्यांना आळा घालण्याचा. सापडलो आम्ही! यादीचे पत्र यादीच्या यंत्रावरूनच निघणार, आणि तळाशी आमची एक ओळ जोडली की सही मोडणार. शेवटी लेखकाचा पत्ता काढून यादीचा घालण्याची नामुष्की पत्करली. पत्र कोणाचे हेच झाकायचे, आणि याला म्हणे अस्सलपणाची तपासणी! इथे शिव्या तरी कोणाला द्यायच्या?

स्नेह्यांना मी एकच विचारतो. याहू ग्रुप्सवरची जुनी पत्रे २०१९च्या डिसेंबरात काढली गेली, वर्षाने सेवाही बंद झाली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतली नाहीत, त्यांच्या हाती काय उरले?

माझी फाईल माझ्यापाशी आहे. दर रविवारी तिची नक्कल काढतो. स्नेह्यांचा पत्ता तिच्यात बाविसाव्या ओळीवर आहे. तो काढा, असे त्यांनी अजून म्हटलेले नाही.