पडून राहिलेली मोटारसायकल

नांदेडच्या जुन्या वस्तींतून एका भगिनींचें आणि लातूरहून एका गृहस्थांचें, अशीं दोन पत्रें या महिन्यांत आमच्याकडे आलीं आहेत. दोहोंचा विषय एकच, म्हणजे दीर्घकाळ पडून राहिल्यावर नीट न चालणारी मोटारसायकल, असल्यामुळें त्यांचा परामर्श आम्ही एकत्रच घेत आहों.

नांदेडच्या पत्रांतील हकीगत अशी. भगिनींचे श्वशुर ४ वर्षांपूर्वीं निवर्तले. त्यांची १०० सी. सी. ची मोटारसायकल तेव्हांपासून वाड्याच्या देवडींत उभी आहे. ती विकण्याचा विषय निघाला कीं सासूबाई पानावरून उठतात, म्हणून तो विषय कोणी काढीत नाहीं. आतां धाकट्या दिरांस लोह्याच्या रस्त्यावरील एका शाळेंत नोकरी लागली असून गाडीची खरोखरीच गरज उत्पन्न झाली आहे. गाडी बाहेर काढली, तों पंचवीस-तीस किका मारल्यावर ती चोक ओढून कशीबशी सुरू झाली. पण चोक लोटतांच बंद पडते. मूठ पिळून धरली तर झटके खात चालते, मूठ सोडली कीं पुन्हा गप्प. एका कारागिरानें ‘रिंगा गेल्या, इंजिन उघडून बोअर करावें लागेल’ असें सांगून अकरा हजारांचा अंदाज दिला आहे. तेव्हां हा खर्च करावा कीं सासूबाईंची समजूत घालून गाडी भंगारांत द्यावी, असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचें उत्तर आधीं सांगतों, कारणें मागाहून. निदान कार्बोरेटर स्वच्छ होईपर्यंत तरी इंजिन उघडूं देऊं नये, आणि भंगारवाल्यासहि बोलावूं नये.

चालतांना झिजणें हा इंजिनाचा धर्म आहे; उभ्या-उभ्या झिजणें हा नव्हे. श्वशुरांच्या हातीं जी गाडी शेवटच्या दिवसापर्यंत सुरळीत चालत होती, तिच्या रिंगा देवडींत उभें राहून झिजल्या असें म्हणणें तर्काला धरून नाहीं. दमट जागेंत रिंगा गंजून चिकटूं शकतात, झडपांवर गंज बसूं शकतो, हें खरें. पण त्याची परीक्षा फुकटांत होते. किकवर सावकाश पाय दाबावा. मध्येंच एके ठिकाणीं पायास नेट लागून किक अडल्यासारखी झाली, तर दाब शाबूत आहे. पाय विनासायास खालपर्यंत गेला, तरच इंजिनाची शंका घ्यावी. शिवाय रिंगा गेलेली गाडी निळा धूर ओकते व ऑईल पिते. पत्रांत धुराचा उल्लेखहि नाहीं. उलट चोक ओढल्यावर चालणें आणि लोटतांच मरणें, हें लक्षण स्वच्छ बोलणारें आहे. चोक हवा कमी करून पेट्रोल अधिक ओढावयास लावतो. तो ओढल्याशिवाय जी गाडी चालत नाहीं, तिला एरवीं पेट्रोल कमी पडत आहे, इतकाच याचा अर्थ.

तें कां कमी पडतें, हें समजण्यास पेट्रोलची प्रकृति ठाऊक असली पाहिजे. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नसून अनेक द्रव्यांचें मिश्रण आहे. त्यांतील हलकीं द्रव्यें प्रथम उडून जातात, आणि गार इंजिन पेटण्यास नेमकीं तींच लागतात. मराठवाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढें जातो. अशा तीन-चार उन्हाळ्यांत टाकींतल्या पेट्रोलमध्यें काय उरलें असेल याची कल्पनाच करावी. जें उरतें त्याचा हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन चिकट राळ बनते. जुन्या पेट्रोलला लाकडाच्या रोगणासारखा आंबूस वास येतो, तो तिचाच. कार्बोरेटरच्या वाटींत तर एक-दोन पळ्याच पेट्रोल असतें; तें सगळें उडून जातें आणि तळाशीं पिंगट साय तेवढी राहते.

त्या वाटींत पितळेचे दोन लहान नळ बुडालेले असतात. मोठ्या नळास मेन जेट व लहानास पायलट जेट म्हणतात. गाडी उभ्या जागीं संथ चालतांना सारी भिस्त पायलट जेटवर असते, आणि त्याचें छिद्र अर्ध्या मिलिमीटरहूनहि बारीक असतें. सायीचा एक कण तेथें अडकला कीं नांदेडच्या पत्रांत लिहिलेलीं सर्व लक्षणें ओळीनें उभीं राहतात. याउलट गाडी संथ चांगली चालून वेगांत गुदमरत असेल, तर मेन जेट किंवा टाकीकडून येणारी वाट पाहावी. आणि दोन-चार मिनिटें नीट चालून बंद पडत असेल, व थोडें थांबल्यावर पुन्हा चालत असेल, तर टाकीच्या झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे असें समजावें. झांकण सैल करतांच ‘सूं’ असा आवाज होऊन गाडी चालूं लागली, कीं निदान पक्कें झालें.

या प्रकरणांत हल्लीं एक नवें कारण येऊन मिळालें आहे. पेट्रोलमध्यें मद्यार्क, ज्यास सर्वत्र इथेनॉल म्हणतात, मिसळण्यांत येतो. वीस टक्के मिश्रणाचें उद्दिष्ट आपल्या देशानें २०२५ सालीं गाठलें. उंसाच्या मुलखांत राहणाऱ्या लातूरकरांस हा पदार्थ कशापासून होतो हें सांगावयास नको. त्याचें पाण्याशीं फार सख्य आहे. पावसाळ्याच्या दमट हवेंतून तो पाणी ओढून घेतो, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलें कीं पेट्रोलची साथ सोडून पाण्यासह टाकीच्या तळाशीं जाऊन बसतो. गाडीचा कॉक तळाजवळूनच घेत असल्यामुळें इंजिनाच्या वाट्यास तेंच पाणी येतें. टाकींतील थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत काढून पाव घटका स्थिर ठेवावें. दोन थर दिसले तर सारी टाकी ओतून टाकण्यांतच शहाणपण आहे. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्याहि या मिश्रणानें फुगतात व चिरतात, त्या बदलून घ्याव्या. मात्र ओतलेलें पेट्रोल मोरींत, आडाजवळ किंवा चुलीकडे नेऊं नये. गॅरेजवाले सुटे भाग धुण्यासाठीं तें आनंदानें घेऊन जातात. जुन्यांत नवें मिसळून ‘चालवून टाकूं’ ही काटकसर आम्हांस मुळींच मान्य नाहीं.

आतां कामाचा क्रम. प्रथम टाकी रिकामी करून आंत गंज आहे कीं काय तें विजेरीच्या उजेडांत पाहावें, व दोन लिटर ताजें पेट्रोल घालावें. किक मारण्यापूर्वीं प्लग काढून त्या भोंकांतून चमचाभर इंजिन ऑईल सोडावें, आणि गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून मागचें चाक हातानें हळूहळू फिरवावें, म्हणजे कोरड्या नळकांड्यावर ओरखडे पडत नाहींत. जुना प्लग ठेवूं नये. नवा दोनशें रुपयांच्या आंत मिळतो. तथापि जुना फेंकण्यापूर्वीं त्याचें तोंड पाहावें. ओला असेल तर पेट्रोल येतें पण पेटत नाहीं. कोरडा ठणठणीत असेल तर तें येतच नाहीं. काळी काजळी असेल तर हवा कमी पडते. ठिणगी पाहावयाची असल्यास सांडलेलें पेट्रोल पुसून, भोंकापासून दूर, प्लग इंजिनाच्या धातूस टेकवून पाहावी. ती निळी व कडकडीत असावी. पिवळी, मरगळलेली ठिणगी कामाची नाहीं.

त्यानंतर हवेची पेटी. आमच्याकडील माळवदाच्या घरांत वरून माती सतत झरत असते, आणि उंदरांना तर या पेटीसारखें बाळंतपणाचें ठिकाण दुसरें नाहीं. फिल्टरच्या जागीं कापूस, धान्याचीं टरफलें आणि वायरीचे तुकडे निघालेले आम्हीं पाहिले आहेत. कुंभारीण माशी सायलेन्सरच्या तोंडांत किंवा टाकीच्या ओव्हरफ्लो नळींत मातीचें घर करते, तेंहि पाहावें. या दोन प्राण्यांनीं जितक्या गाड्या बंद पाडल्या असतील, तितक्या एखाद्या नवशिक्या कारागिरानेंहि पाडल्या नसतील.

इतकें करूनहि चोकची मिजास गेली नाहीं, तर कार्बोरेटर उतरवावा. हें काम सवयीच्या माणसानें तासा-दीड तासाचें आहे. वाटी काढून दोन्ही जेट सोडवावे, कार्बोरेटर साफ करण्याच्या फवाऱ्यांत भिजवावे, आणि पंक्चरवाल्याकडील हवेच्या नळीनें फुंकून घ्यावे. मग पायलट जेट आकाशाकडे धरून एका डोळ्यानें पाहावा. मोहरीहूनहि लहान, पण पूर्ण वाटोळा प्रकाशाचा ठिपका दिसला पाहिजे. छिद्रांत सुई किंवा लोखंडी तार घालणाऱ्या कारागिराच्या हातून जेट काढून घ्यावा. पितळ मऊ असतें. छिद्र केसभर मोठें झालें कीं गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. मिश्रणाचा स्क्रू काढतांना तो पुरता आवळण्यास किती फेरे लागतात तें कागदावर लिहून ठेवावें, म्हणजे बसवतांना तितकेच फेरे सोडतां येतात. बाहेरची पितळ चकचकीत करून आंतलें तसेंच ठेवण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे, म्हणून घरच्या कोणीतरी समोर बसावें हें बरें. कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी नळीस चीर पडली असली तरी अशींच लक्षणें होतात. तीहि त्याच वेळीं वाकवून पाहावी.

जुनी राजदूत किंवा येझदी ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं आणखी दोन गोष्टी लक्षांत घ्याव्या. प्लॅटिनम पॉईंटवर चढलेला थर बारीक पॉलिश-कागदानें काढावा. आणि या गाड्यांचीं क्रँकचीं रबरी सीलें वाळून हवा घेऊं लागतात, मग कार्बोरेटर कितीहि धुतला तरी संथ चाल बसत नाहीं.

गाडी चालूं लागली म्हणजे रस्त्यास लावण्याजोगी झाली असें नव्हे. नांदेडच्या दिरांस रोज हमरस्त्यानें जावयाचें आहे, म्हणून हें आम्ही आग्रहानें लिहितों. इंजिन ऑईल बदलावें. तें दुधासारखें दिसलें तर त्यांत पाणी आहे. ब्रेकचीं ड्रमें उघडून गंज काढावा, केबलींस ऑईल द्यावें. टायरवर एका लंबगोलांत चार आंकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. टायरच्या बाजूस केसासारख्या चिरा दिसल्या तर नक्षी कितीहि शिल्लक असो, तो बदलावा. क्लचच्या चकत्या चिकटल्या असतील, तेव्हां पहिल्यांदा गिअर टाकतांना समोर मूल किंवा भिंत नसावी. आणि देवडींत दार लावून गाडी चालूं ठेवण्याचें धाडस कोणीहि करूं नये. तिच्या धुरांत वास नसलेला विषारी वायु असतो, व शेजारच्या खोलींत पाळणा असेल तर अनर्थ होण्यास फार वेळ लागत नाहीं.

भगिनींनीं न विचारलेली एक गोष्टहि सांगितली पाहिजे. मालकाच्या मृत्यूनंतर वारसानें तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरून परिवहन कार्यालयांत नांव बदलून घ्यावयाचें असतें. पत्रावरून तें झालेलें दिसत नाहीं, आणि त्यामुळें अपघात झाल्यास विम्याचा मोठा घोळ होतो. शिवाय नोंदणीस १५ वर्षें झालीं असल्यास ती नवी करावी लागते, व १ एप्रिल २०१९ पूर्वींच्या वाहनांस नवी सुरक्षित नंबरपाटीहि लागते. उशिराचा दंड भरावा, पण हें काम आधीं करावें. आमची सूचना अशी कीं गाडी सासूबाईंच्याच नांवावर करावी. मालक होण्यास वाहन चालविण्याचा परवाना लागत नाहीं, आणि दीर ती चालवितील.

लातूरच्या गृहस्थांची अडचण निराळी आहे. त्यांचे चिरंजीव १४ महिने पुण्यास होते. गाडी २०२१ सालची, म्हणजे कार्बोरेटर नसलेली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या मानकांमुळें अशा गाड्यांत पेट्रोल इंजेक्टरनें फवारलें जातें व त्याचा हिशेब एक लहानसा विद्युत्‌-मेंदू ठेवतो. येथें जेट शोधीत बसूं नये. चावी फिरवितांच टाकींतून दोन-तीन सेकंद ‘घूं’ असा पंपाचा आवाज आला पाहिजे. त्यांच्या गाडींत तो क्षीण येतो, आणि दिवेहि मंद लागतात. तेव्हां पहिला संशय बॅटरीवर. स्वस्थ बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते. १२ च्या खालीं बरेच महिने राहिलेली बॅटरी बहुधा पुन्हा उठत नाहीं. ती बदलूनहि गाडी मिसिंग करीत असेल, तर टाकी रिकामी करून ताजें पेट्रोल, आणि त्यानंतरच इंजेक्टरची सफाई. ढकलून सुरू करण्याचा हट्ट करूं नये. पंपालाच वीज नसेल तर गल्लींतलीं सारीं मुलें दमलीं तरी गाडी बोलणार नाहीं.

चिरंजीव दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहेत, तेव्हां गाडी कशी ठेवावी असेंहि त्यांनीं विचारलें आहे. लोखंडी टाकी असल्यानें ती ताज्या पेट्रोलनें कांठोकांठ भरावी, म्हणजे आंत दमट हवेस जागा राहत नाहीं. बॅटरीची काळी वायर सोडून ठेवावी व महिन्यानें एकदां बॅटरी भरून आणावी. गाडी मधल्या स्टँडवर, दोन्ही चाकें शक्य तितकीं अधर ठेवून, जुन्या धोतरानें किंवा लुगड्यानें झांकावी. प्लॅस्टिकचें आवरण घालूं नये, त्याच्या आंत घाम धरतो. सायलेन्सरच्या तोंडास चिंधीचा बोळा लावावा, आणि तो लावला आहे अशी चिठ्ठी चावीस बांधून ठेवावी.