राखीव माणूस म्हणजे फाजील माणूस नव्हे

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगो या देशातील सर्वांत मोठ्या विमान कंपनीची व्यवस्था कोलमडली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उड्डाणांना विलंब झाला आणि तीन लाखांहून अधिक प्रवासी ठिकठिकाणी अडकले. आमच्या रायपूरच्या स्वामी विवेकानंद विमानतळालाही याची झळ बसली. येथून मुंबई-पुण्याकडे जाणाऱ्या मराठी माणसाला पूर्वी गीतांजली, मुंबई मेल किंवा आझाद हिंद एक्स्प्रेस एवढाच आधार असे. गेल्या काही वर्षांत तो विमानाला सरावला होता. त्या आठवड्यात त्याला पुन्हा रेल्वेचे वेळापत्रक शोधावे लागले.

त्या दिवसांत प्रवाशांच्या हालांची चर्चा खूप झाली आणि ती योग्यच होती. परंतु आणखी एक वर्ग त्या काळात भरडला जात होता, त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. हा वर्ग म्हणजे त्या कंपनीचे कर्मचारी. काउंटरवर उभे राहून शिव्या खाणाऱ्या मुलामुलींच्या हाती उड्डाणांचा कोणताही निर्णय नव्हता. ज्यांच्या हाती होता, ते काउंटरवर नव्हते. मनुष्यबळ ताणले गेले आहे, हे वैमानिकांच्या संघटना बराच काळ सांगत होत्या. तरीही संकट आले तेव्हा पहिले बोट दाखवले गेले ते वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमाकडे. माझ्या मते हा कांगावा होता, आणि त्याला शासनाने मान तुकवली हे त्याहून वाईट झाले.

नियम अचानक आला नव्हता

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, वैमानिकांच्या कामाच्या तासांचे सुधारित नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत वाढवली गेली. रात्रीच्या कामात पूर्वी सहा वेळा विमान उतरवण्याची मुभा होती, ती दोनवर आणली गेली. नियम १ जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली आणि ते लांबणीवर पडले. वैमानिकांच्या संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा कोठे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले.

म्हणजे दुसरा टप्पा लागू होईपर्यंत तयारीसाठी जवळजवळ बावीस महिने मिळाले होते. एवढ्या अवधीत आपल्याकडे एखाद्या तालुक्याची जनगणनाही पार पडते! या काळात कंपनीने काय केले? हिवाळी वेळापत्रकात आदल्या हिवाळ्यापेक्षा साडेनऊ टक्क्यांहून अधिक उड्डाणे वाढवून मागितली, आणि ती मंजूर झाली. नोव्हेंबरमध्ये तिची १,२३२ उड्डाणे रद्द झाली. त्यांपैकी ७५५ उड्डाणे कर्मचारी व कामाच्या तासांच्या कारणाने रद्द झाली होती. धोक्याची घंटा महिनाभर वाजत होती. डिसेंबरमध्ये कंपनीने स्वतःच डीजीसीएकडे मान्य केले की अंदाज चुकला आणि नियोजनात त्रुटी राहिल्या.

पासष्ट कॅप्टन

या प्रकरणातील एक आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. त्या वेळी जाहीर झालेल्या माहितीनुसार, नव्या नियमांप्रमाणे एअरबस विमानांसाठी कंपनीला २,४२२ कॅप्टन हवे होते आणि तिच्याकडे २,३५७ होते. तूट फक्त ६५ जणांची, तीन टक्क्यांहूनही कमी. तीन टक्के तुटीने निम्मी उड्डाणे रद्द होण्याची पाळी कशी यावी?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर अवघड नाही. कोणतीही सेवा तिच्या पूर्ण क्षमतेच्या जितकी जवळ नेऊन चालवावी, तितकी छोट्या अडथळ्यातून मोठी रांग तयार होते. जेथे शंभरातील पंचाऐंशी तास वापरले जातात, तेथे एक तास वाया गेला तरी संध्याकाळपर्यंत भरून निघतो. जेथे अठ्ठ्याण्णव वापरले जातात, तेथे तोच तास पुढच्या प्रत्येक फेरीला जाऊन धडकतो. रायपूरचे विमान इंदूरहून यायचे, त्याचा वैमानिक दिल्लीहून, आणि दिल्लीत धुके! साखळीत कोठेही ढिलाई ठेवलेली नसेल, तर धुक्याचा एक तास दहा शहरांना पुरतो. डीजीसीएच्या चौकशी समितीनेही मूळ कारणांत पहिला क्रमांक दिला तो साधनांच्या अतिकाटेकोर वापराला. माणसे, विमाने आणि वेळ इतक्या पिळून घेतल्या होत्या की उसंतच उरली नव्हती.

रजा-राखीव नावाची जुनी शहाणी गोष्ट

सरकारी आस्थापनेत काम केलेल्यांना 'रजा-राखीव' हा शब्द परिचित असेल. भारतीय प्रशासन सेवेचे संख्याबळ ठरवताना प्रथम प्रत्यक्ष कामाची वरिष्ठ पदे मोजतात. त्यावर रजा व कनिष्ठ पदांसाठी १६.५ टक्के आणि प्रशिक्षणासाठी ३.५ टक्के पदे राखीव म्हणून धरतात. प्रतिनियुक्तीची राखीव पदे वेगळीच. ज्यांनी ही पद्धत घातली त्यांना एक साधी गोष्ट ठाऊक होती. माणूस आजारी पडतो, त्याच्या घरी लग्नकार्य निघते, बाळंतपण येते, त्याला नवे काही शिकावे लागते. तेव्हा शंभर खुर्च्या सतत भरलेल्या हव्या असतील तर शंभराहून अधिक माणसे हवीत.

गेल्या तीस वर्षांत व्यवस्थापनशास्त्राच्या नावाखाली या राखीव माणसाला 'फाजील' ठरवण्यात आले. हिशेबाच्या वहीत तो खर्च म्हणून दिसतो, तर त्याच्यामुळे टळलेले संकट कोणत्याच रकान्यात दिसत नाही. म्हणून दरवर्षी त्याला थोडे थोडे छाटणारा अधिकारी कार्यक्षम ठरतो. शासनही यातून सुटलेले नाही. माझ्या सेवाकाळात एका कार्यालयात निम्मी मंजूर पदे रिकामी होती. उरलेल्यांतील एक कारकून आजारी पडला की संपूर्ण शाखेच्या फायली थांबत. आणि तपासणीच्या अहवालात दोष कोणाचा? तर उरलेल्या कारकुनांचा!

राखीव माणूस काढून टाकला म्हणजे त्याची गरज संपत नाही. ती गरज उरलेल्यांच्या झोपेतून, सुट्टीतून आणि आरोग्यातून भागवली जाते. संस्थेने केलेली बचत म्हणजे कर्मचाऱ्यांच्या शरीरावर काढलेले बिनव्याजी कर्ज असते. विमानाच्या बाबतीत या कर्जाला मागे बसलेला प्रत्येक प्रवासी नकळत जामीन राहतो.

ना दार, ना दाद

अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली एक सुटसुटीत मांडणी केली. संस्था बिघडू लागली की तिच्यातील माणसापुढे दोन मार्ग असतात. एक, सोडून जाणे. दुसरा, आवाज उठवणे. दोन्हींतून वरिष्ठांना बिघाडाची वर्दी मिळते. आता आपल्या विमान कर्मचाऱ्याकडे पाहा.

सोडून जाण्याच्या दाराला शासनानेच कडी घातली आहे. २०१७ पासूनच्या नियमानुसार कॅप्टनने एक वर्ष आणि सहवैमानिकाने सहा महिने आधी राजीनाम्याची सूचना द्यावी लागते. कारण दिले जाते लोकहिताचे. मग लोकहितासाठी जो वर्षभर थांबतो, त्याच्या विश्रांतीचे वेळापत्रक बावीस महिन्यांत का बसवता येत नाही?

आवाज उठवण्याचा इतिहास तर अधिकच खिन्न करणारा आहे. ऑक्टोबर २००८ मध्ये जेट एअरवेजने सुमारे १,९०० कर्मचाऱ्यांना कमी करण्याचे ठरवले. गणवेशातली तरुण मुले-मुली मुंबईच्या रस्त्यावर आली, राज ठाकरे यांच्याकडे गेली, आणि एक-दोन दिवसांत निर्णय फिरला. त्या मुलांना न्याय मिळाला याचा आनंदच आहे. पण देशात कामगार आयुक्त होते, औद्योगिक विवादाचा कायदा होता, आणि तरी दाद मागायला राजकीय पक्षाच्या दारी जावे लागले, ही प्रशासनाला अभिमानाची बाब नव्हे. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २००९ मध्ये, त्याच कंपनीत वैमानिकांनी संघटना काढली. दोघांना बडतर्फ केले गेले. शेकडो वैमानिक एकाच वेळी 'आजारी' पडले आणि पाच दिवस सेवा विस्कळीत झाली.

हे 'आजारी पडणे' पुन्हा पुन्हा दिसते. २०२४ च्या एप्रिलमध्ये विस्तारामध्ये वेतनाच्या नव्या रचनेवरून आणि ताणलेल्या वेळापत्रकांवरून वैमानिक नाराज झाले. कंपनीला रोजच्या पंचवीस ते तीस फेऱ्या कमी कराव्या लागल्या. मे महिन्यात एअर इंडिया एक्स्प्रेसचे केबिन कर्मचारी सामूहिक आजारी रजेवर गेले. पंचवीस जणांना काढले, मग मुख्य कामगार आयुक्तांसमोर तडजोड होऊन परत घेतले. ज्या संस्थेत तक्रार अर्जाने पोहोचत नाही, तेथे ती वैद्यकीय प्रमाणपत्राने पोहोचते. सामूहिक आजारी रजेचे समर्थन मी करणार नाही, कारण तीत निरपराध प्रवासी वेठीला धरला जातो. पण तक्रारीची सरळ वाट ज्यांनी बंद केली, त्यांना आडवाटेबद्दल उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही.

दंड की दर?

५ डिसेंबर २०२५ रोजी शासनाने रात्रीच्या कामाच्या काही अटींतून इंडिगोला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरता येणार नाही हे कलमही मागे घेतले गेले. तयारी न करणाऱ्याला सवलत मिळाली आणि ती वैमानिकांच्या झोपेतून दिली गेली. उड्डाणे दहा टक्क्यांनी कमी करण्याचा योग्य उपाय नंतर आला. तोच पहिला असायला हवा होता.

जानेवारी २०२६ मध्ये २२.२० कोटी रुपयांचा दंड झाला. त्यातील २०.४० कोटी म्हणजे नियम न पाळलेल्या ६८ दिवसांचे, दिवसाला ३० लाख. हे ६८ दिवस म्हणजे ५ डिसेंबर ते १० फेब्रुवारी, नेमका सुटीचा काळ! कंपनीचा २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा नफा सुमारे ७,२५८ कोटी, म्हणजे दिवसाला जवळपास वीस कोटी होता. सारा दंड एका दिवसाच्या नफ्याहून थोडा अधिक भरला. शिवाय ५० कोटींची बँक हमी घेतली गेली, हे नमूद करायला हवे.

इस्रायलमधील हैफा शहरातील पाळणाघरांवर केलेला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना किरकोळ दंड लावला, तेव्हा उशीर कमी होण्याऐवजी वाढला. पालकांनी दंडाला उशिराची किंमत मानले. दिवसाला ३० लाख ही रक्कम दंड ठरते की विश्रांती न देण्याचा परवाना, हे वाचकांनीच ठरवावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांकडून तो जास्त येईल. राखीव माणसे ठेवली तर तिकीट महागेल. आईच्या आजारपणात किंवा गणपतीला घर गाठणाऱ्याला ते परवडेल का? थोडे महागेल हे खरे आहे. पण डिसेंबरमध्ये भाडी इतकी भडकली की शासनाला अंतरानुसार साडेसात हजार ते अठरा हजारांच्या मर्यादा घालाव्या लागल्या. राखीव माणसाचा खर्च आपण रोज थोडा थोडा दिला नाही, म्हणून तो एका आठवड्यात एकरकमी वसूल झाला. आणि बाजाराचा सुमारे ६५ टक्के हिस्सा एकाच कंपनीकडे असताना नाराज प्रवाशाला दुसरीकडे जाण्याची जागाही नव्हती.

करता येण्यासारखे

पहिली गोष्ट, वेळापत्रक मंजूर करताना विमानांच्या संख्येबरोबर राखीव कर्मचाऱ्यांचे प्रमाणही कंपनीकडून लेखी घ्यावे आणि ते जाहीर करावे. राखीव माणसे नसतील तेवढी उड्डाणे मंजूर करू नयेत. दुसरी, थकव्याची तक्रार करण्याची वाट कंपनीबाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे असावी आणि तक्रारदाराला संरक्षण मिळावे. तिसरी, संकटकाळी सूट द्यायची तर ती वेळापत्रकातून द्यावी, विश्रांतीतून कधीही देऊ नये. चौथी, जमिनीवरील कर्मचाऱ्यांना अशा प्रसंगी एकटे सोडू नये. निर्णयाचे अधिकार असलेला एक वरिष्ठ अधिकारी प्रत्येक विमानतळावर प्रवाशांसमोर हजर असणे बंधनकारक करावे.

पाचवी गोष्ट आम्हा सरकारी मंडळींना उद्देशून आहे. संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये दाखवून दिले की डीजीसीएच्या १,०६३ मंजूर पदांपैकी केवळ ५५३ भरलेली होती. ज्या नियामकाकडेच निम्मी माणसे नाहीत, तो दुसऱ्याची माणसे कशी मोजणार? कंपनीला राखीव माणसांचा धडा देण्याआधी शासनाने आपल्या रिकाम्या खुर्च्या भरल्या पाहिजेत. तोवर काउंटरवरच्या त्या मुलीला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार कंपनीच्या व्यवस्थापनाला नाही, आणि आम्हालाही नाही.